आईला विसर पडला

साठी बुद्धी नाठी, अशी एक म्हण आपल्याकडे आहे. साठ वर्षे झाली की माणसाची बुद्धी जाते, असा तिचा अर्थ. म्हण जुनी आहे. पण जुनी म्हणून ती खरी असलीच पाहिजे असे नाही. आपल्याच गावात बघा. पंचाहत्तरीचे एखादे आजोबा असतात. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कुठे गेलो, मजुरी किती मिळाली, सुकडी कशी वाटत होते, सगळे घडाघडा सांगतात. सकाळी चष्मा कुठे ठेवला हे मात्र त्यांना आठवत नाही. एवढे विसरणे वयाबरोबर येतेच. पाय जसे हळू चालतात, तशी आठवणही हळू चालते. उशिरा पोचते, पण पोचते.

दुसरे एक विसरणे असते. ते निराळे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे एक, आणि चष्मा हातात धरून "हे काय आहे?" असे विचारणे दुसरे. शेजारणीचे नाव पटकन न सुचणे एक, आणि पोटच्या मुलीला "तू कुणाची गं?" असे विचारणे दुसरे. हे दुसरे विसरणे म्हणजे वय नव्हे. तो आजार आहे. त्याचे नाव अल्झायमर. नाव परदेशी आहे, जिभेवर चटकन बसत नाही. आजार मात्र परदेशी नाही. तो आमच्या घरात सात वर्षे होता. आमच्या आईला तो झाला होता.

आमचे घर कृष्णाकाठचे, कऱ्हाड तालुक्यातले. आई शाळेत गेली नव्हती. पण घरातली वही म्हणजे आईच. दोन म्हशींच्या दुधाचा रतीब पाच घरी जाई. कुणाचे किती शेर झाले, कुणी कधी पैसे दिले, हे ती भिंतीवर चुन्याची बोटे ओढून ठेवी. महिनाअखेर हिशेबात एका पैशाची चूक निघत नसे. आम्हा भावंडांच्या जन्मतारखा शाळेच्या दाखल्यात अंदाजाने लिहिल्या आहेत. आईला मात्र वार, तिथी, त्या दिवशी पाऊस होता की ऊन, हेसुद्धा ठाऊक होते. कुणाच्या लग्नात कुणी खण दिला, कुणी पातळ दिले, कुणाचा आहेर फेडायचा राहिला, हे विचारायला भावकीतल्या बाया तिच्याकडे येत. आणि ओव्या! गावात गिरणी आली तरी हळकुंडे, डाळ, मेतकूट ती जात्यावरच दळी. पहाटे तिच्या ओव्या ऐकतच आम्ही जागे व्हायचो.

अशा बाईला विसर पडू लागला. आधी आमटीत मीठ दोनदा पडू लागले. मग रतीबाचा हिशेब चुकू लागला. एका घरचे पैसे आले तरी ती पुन्हा मागायला जाई. एक गोष्ट सांगायची, ती पाच मिनिटांनी पुन्हा सांगायची, पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, असे चालले. मळ्यातून घरी यायची वाट तिच्या पायाखालची, चाळीस वर्षांची. एका संध्याकाळी ती फाट्यावर उभीच राहिली. डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे तिला कळेना. भावकीतल्या एका पोराने तिला हात धरून घरी आणले. तेव्हा तिचे वय सदुसष्टच्या आसपास होते.

त्यानंतर आली बोरमाळ. आईची सोन्याची बोरमाळ नाहीशी झाली. "सुनंनं घेतली," आई म्हणाली. घरभर शोधाशोध झाली. चौथ्या दिवशी ज्वारीच्या डब्यात तळाशी माळ सापडली. आईनेच ती जपून ठेवली होती. माळ हातात दिली, तर म्हणाली, "आता भ्याली म्हणून आणून ठेवली." पुढे तर कठीणच झाले. दुपारी पोटभर जेवून ती ओट्यावर येऊन बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "सकाळपासनं उपाशी हाय. सून जेवाय देत न्हाई." लोक ऐकत. म्हातारीची दया करीत. वहिनींकडे मात्र वाकड्या नजरेने बघत. आमच्या वहिनी रात्री भांडी घासता घासता रडत असत.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असे घडत असेल, तर इथे जरा थांबा. आमच्या मते या आजारातले सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. आई खोटे बोलत नव्हती, आणि वहिनी उपाशी ठेवत नव्हत्या. दोघीही खऱ्या होत्या. आई जेवली होती, पण जेवल्याची आठवण तिच्या मेंदूत नोंदलीच गेली नव्हती. माळ तिने ठेवली, पण ठेवल्याचे तिच्यापाशी काहीच उरले नव्हते. मग मन काय करते? जागा रिकामी राहू देत नाही. माळ नाही, म्हणजे कुणी तरी घेतली. घरात दिवसभर कोण असते? सून. म्हणून आळ सुनेवर येतो. जी सगळ्यात जवळ राहून करते, तिच्यावरच येतो. कित्येक घरे यावरून फुटतात. मुलगा आईचे खरे मानतो, सून माहेरी जाते, आणि आजाराचे नाव कुणी घेत नाही.

मेंदूत नेमके काय होते ते आता बघू. आपल्या दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, खोल, मेंदूचा एक लहानसा भाग असतो. दिवसभरात जे घडते ते पक्के करून ठेवायचे काम त्याचे. अल्झायमरमध्ये बहुधा हाच भाग आधी खराब होऊ लागतो. म्हणून आजचे आज राहत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीचे राहते. कसे? आपल्या पाणंदीतली गाडीची चाकोरी आठवा. वर्षानुवर्षे चाक जाऊन ती खोल झालेली असते. आज सकाळी धुळीत उमटलेले पाऊल वाऱ्याने मोडते, चाकोरी मोडत नाही. आईला सकाळची न्याहारी आठवत नसे. पण माहेरच्या विहिरीच्या पायऱ्या किती, हे ती शेवटच्या वर्षांपर्यंत बरोबर सांगे. पुढे आजार वाढतो, तेव्हा चाकोरीही बुजत जाते. शब्द जातात, दिवस-रात्र कळेनाशी होते, लुगडे नेसायचे कसे हे विसरते, आणि अखेरीस चालणे आणि गिळणेसुद्धा.

हा आजार डॉक्टरांना कळला त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात एका बाईला तिच्या नवऱ्याने दवाखान्यात आणले. तिचे नाव ऑगस्टे डेटर, वय ५१. ती सगळे विसरे. स्वतःचे नाव लिहायला घेई आणि मध्येच थांबे. तिलाही संशय येई, आणि तो नवऱ्याचा. म्हणजे बघा, आमच्या वहिनींवर आला तसा आळ त्या परक्या मुलखात त्या बिचाऱ्यावरही आला होता! तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्याशी तासन् तास बोलत आणि ती काय म्हणाली ते लिहून ठेवीत. १९०६ साली ती वारली. अल्झायमरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मेंदू आक्रसला होता. पेशींच्या बाहेर साका साठला होता आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी हे डॉक्टरांच्या एका सभेत सांगितले. १९१० साली दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरांनी आपल्या पुस्तकात या आजाराला अल्झायमरांचे नाव दिले. तेव्हापासून हे नाव चालत आले.

म्हणजे हे भूत नाही, करणी नाही, कुणाचा शाप नाही. मेंदूच्या पेशींचा आजार आहे. हे सांगायचे कारण, आमच्या घरीही लोकांनी सल्ले दिले. कुणी म्हणाले बाहेरचे आहे, उतारा टाका. पलीकडच्या गावचा एक देवऋषी आला. आईला समोर बसवून त्याने तिच्या तोंडावर धूर धरला, आणि कोंबडे व पाचशे रुपये मागितले. आई घाबरून ओरडू लागली. दादांनी त्याला हात जोडून वाटेला लावले. असल्या उपचारांत माणसाला मारहाण होते, चटके देतात, उपाशी ठेवतात. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे, आणि असे करणे हा गुन्हा आहे.

दादांनी आईला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तिथून जिल्ह्याच्या गावी पाठवले. तिथे रक्त तपासले, डोक्याचे फोटो काढले. पुष्कळ लोक म्हणतात, "म्हातारपण आहे, दवाखान्यात कशाला न्यायचे?" याला आमचे उत्तर आहे. विसर पडणारे सगळेच आजार अल्झायमर नसतात. अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी झाले, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी नीट चालेनाशी झाली, मन फार खचले, पडल्यावर डोक्यात रक्त साकळले, एखादे औषध सोसेनासे झाले, तरीही माणूस विसरू लागते. यांवर उपचार आहेत, आणि वेळेवर केले तर माणूस पुष्कळदा सुधारते. एका रात्रीत माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर लघवीच्या जागेचा जंतुदोषही असू शकतो. तिथे उशीर मुळीच करू नये.

आईच्या बाबतीत यातले काही निघाले नाही. डॉक्टरीणबाईंनी दादांना आणि वहिनींना समोर बसवून सांगितले, "हा आजार बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. गोळी देते. काही दिवस थोडा आधार मिळेल." ती गोळी डोनेपेझिल नावाची. हे औषध १९९६ पासून वापरात आहे. अमेरिकेत २०२३ साली शिरेतून देण्याच्या एका नव्या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. पण ते फक्त सुरुवातीच्या अवस्थेत देतात. त्याने आजाराची चाल थोडी मंदावते, गेलेली आठवण परत येत नाही. कुणी पुडी देऊन "महिन्यात ठणठणीत करतो" म्हणाला, तर पैसे कनवटीलाच ठेवा.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वहिनींना आणखी एक गोष्ट सांगितली. "त्यांच्याशी वाद घालू नका. त्या तुमच्या जगात येऊ शकत नाहीत. तुम्ही त्यांच्या जगात जा." वहिनींनी हे धरून ठेवले. आई म्हणे, "मी जेवले न्हाई." वहिनी "आत्ताच तर जेवलात" असे म्हणत नसत. त्या म्हणत, "होय आत्याबाई, चूल पेटवलीच आहे. तोवर एवढं खा." आणि अर्धी भाकरी किंवा मूठभर लाह्या हातात देत. त्यासाठी दुपारच्या वाढणीतून थोडे बाजूलाच काढलेले असे. माळ हरवली म्हटले, की वहिनी म्हणत, "चला, दोघी मिळून शोधू." शोधता शोधता आई दुसरेच काही बोलू लागे. आळ जिथल्या तिथे विरून जाई.

तिन्हीसांजेला आई फार अस्वस्थ होई. या आजारात पुष्कळांना दिवस मावळताना असे होते. ती गाठोडे बांधी आणि म्हणे, "मला माझ्या घरी जायचंय." घर म्हणजे तिचे माहेर. तिथली आई, तिथले वडील. ते जाऊन चाळीस वर्षे झाली होती. "ते कधीच वारले" असे सांगितले, तर तिला ते दर वेळी नव्याने कळे, आणि दर वेळी ती तेवढाच आक्रोश करी. म्हणून वहिनी म्हणत, "चला, पोचवते." दोघी मारुतीच्या देवळापर्यंत जात, कट्ट्यावर बसत, आणि परत येत. घराच्या दारात आल्यावर आई म्हणे, "आलं बघ घर."

घरातही काही फेरफार केले. दाराला घुंगरू बांधले, म्हणजे रात्री दार उघडले तर कळे. परसातल्या आडाला जाळी बसवली. चुलीपाशी तिला एकटे सोडत नसू. रॉकेल, फवारणीचे औषध, विळी, सगळे कुलपात गेले. आंघोळ, जेवण, झोप रोज ठरल्या वेळी. अशा माणसाला नवी जागा सोसत नाही. म्हणून दोन महिने एका मुलाकडे, दोन महिने दुसऱ्याकडे, अशी पाळी आम्ही लावली नाही. आई जागची हलली नाही. आम्हीच पाळीने गावी गेलो. बहिणी सणाला आल्या की आठ-आठ दिवस राहत आणि वहिनींना माहेरी पाठवीत. अशा माणसाचे करणारी बाई चोवीस तास जुंपलेली असते. तिलाही झोप लागते, तिचीही पाठ दुखते. पुरुषांनी निदान रात्रीची जाग तरी आपल्याकडे घ्यावी. दादा घेत असत.

आई सगळेच विसरली का? नाही. आमची नावे गेली. आम्ही कोण, हेही गेले. पण कुणीही दारात आले की ती विचारी, "जेवलास का?" जाते फिरवायला बसवले की ओवी येई. बोलताना तिला धड तीन शब्द जुळवता येत नसत, आणि ओवी मात्र पुरी येई, चालीसकट. पाठ झालेले गाणे या आजारात पुष्कळदा उशिरापर्यंत टिकते. पुढे हातात जोर उरला नाही. तेव्हा वहिनी जाते ओढीत आणि आईचा हात नुसता खुंट्यावर ठेवीत.

एक गोष्ट थोडक्यात, पण महत्त्वाची. अशा माणसाचा अंगठा घेऊन जमीन लिहून घेणारे लोक असतात, आणि ते बहुधा नात्यातलेच असतात. आपला १८७२ चा करारांचा कायदा सांगतो, की ज्याला व्यवहार समजत नाही त्याने केलेला करार कायद्यात टिकत नाही. पण हे पुढे कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा आजार नुकता कळला असताना, माणसाला समजते आहे तोवर, मृत्युपत्र, वाटणी, बँकेतले वारस जे काही असेल ते त्याच्या मर्जीने आणि चारचौघांसमोर करून घ्यावे. आणि म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणे हे मुलांवर २००७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, हेही माहीत असावे.

२०२३ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठ वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. स्मृतिभ्रंश म्हणजे असे विसरायला लावणारे सगळे आजार मिळून. त्यांत अल्झायमर सगळ्यांत जास्त आढळतो. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त दिसले. तो पुरता टाळता येत नाही. पण रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणे, विडी-सिगारेट सोडणे, कमी ऐकू येत असेल तर कानाला यंत्र लावणे, फटफटीवर डोक्याला शिरस्त्राण घालणे, चारचौघांत मिसळणे, यांनी धोका कमी होतो. लहानपणी शाळा मिळाली त्यांना धोका थोडा कमी असतो, असेही दिसून आले आहे. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी घाबरून जाऊ नये. उतारवयातही मेंदूला काम दिलेले चांगलेच. तुम्ही आता हे पान वाचत आहात, तेही कामच आहे की!

शेवटच्या वर्षी आई अंथरुणाला खिळली. गिळताना ठसका लागे. म्हणून तिला टेकून बसवून भाताची पेज, मऊ खिचडी चमच्या-चमच्याने भरवीत. आडवे पाडून कधी भरवू नये, घास छातीत जातो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. २०१८ च्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. वहिनींचा हात तिच्या हातात होता. तिने तो शेवटी शेवटी कुणाचा हात मानला होता, देव जाणे. बहुधा आपल्या आईचा.

आणखी एक सांगायचे राहिले, ते चिठ्ठीचे. फाट्यावर आई उभी राहिली, त्यानंतर वहिनींनी ही युक्ती काढली. वहिनीही लहानपणी शाळेत गेल्या नव्हत्या. गावात प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा तिथे त्या लिहायला शिकल्या. त्यांनी पांढऱ्या कापडाचे चार बोटे रुंद तुकडे कापले. धुण्यात न जाणाऱ्या शाईच्या पेनाने त्यांवर मोठ्या अक्षरांत आईचे नाव, गाव, दादांचे नाव आणि घरचा फोन नंबर लिहिला. असा एकेक तुकडा त्यांनी प्रत्येक लुगड्याच्या पदराला आतल्या बाजूने शिवला. आई दोनदा वाट चुकली. एकदा तर थेट एस. टी. स्टँडवर पोचली. दोन्ही वेळा कुणी तरी पदर उलटून वाचले आणि फोन केला. आता गावात आणखी दोन घरी असा आजार आहे. एका घरी म्हातारे बाबा आहेत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला आतून शिवलेली चिठ्ठी वहिनींच्या अक्षरातली आहे. फोन नंबराखाली त्या आणखी एक नंबर लिहितात, १४५६७. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारने चालवलेला हा मदतीचा फोन आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.